लॅपटॉपचा पासवर्ड विसरलात? फॅक्टरी रिसेट करण्याआधी आणि करताना

पासवर्ड आठवत नाही म्हटलं की आजूबाजूचे पहिला सल्ला देतात तो 'सरळ रिसेट मार' असा. सल्ला चुकीचा नाही, पण घाईचा आहे. रिसेटनं लॅपटॉप उघडतो खरा, पण उघडतो तेव्हा आत तुमचं काहीच उरलेलं नसतं. शिवाय अनेकदा त्याची गरजही नसते. विसरलेला असतो तो पिन, किंवा पासवर्ड फोनवरून काही मिनिटांत बदलता येण्यासारखा असतो. म्हणून या लेखात रिसेट सुरुवातीला नाही, मध्यावर येतो. बराचसा भाग विंडोज १० आणि ११ बद्दल आहे. मॅकबुक आणि क्रोमबुकचं शेवटी थोडक्यात.

लॅपटॉप ऑफिसचा किंवा कॉलेजचा असेल तर इथेच थांबा आणि तिथल्या आयटी विभागाला फोन करा. त्यांना तुमचा पासवर्ड बसल्या जागी बदलता येतो, आणि तुम्ही परस्पर रिसेट केलात तरी अशी बरीच यंत्रं इंटरनेटला जोडताच पुन्हा संस्थेचंच लॉगिन मागतात.

नेमकं काय विसरलात?

लॅपटॉपवर पासवर्ड एकाच प्रकारचा नसतो, आणि पुढचा सगळा मार्ग या एका उत्तरावर ठरतो.

लॅपटॉप सुरू करताच, विंडोजचं चिन्हही दिसायच्या आधी, काळ्या किंवा साध्या पडद्यावर पासवर्ड मागितला जात असेल तर तो बायोसचा, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या लॅपटॉपमधल्या मूळ प्रोग्रॅमचा पासवर्ड आहे. त्याचा विंडोजशी संबंध नाही आणि विंडोज रिसेट करून तो जात नाही. खरेदीची पावती घेऊन लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या सेवा केंद्राशी बोलणं हाच त्यावरचा सरळ मार्ग.

निळ्या पडद्यावर ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागत असेल, तर ते बिटलॉकर आहे, म्हणजे ड्राइव्हचं एन्क्रिप्शन: कीशिवाय वाचताच येणार नाही अशा रूपात डेटा ठेवणं. त्याबद्दल पुढे सविस्तर येईल.

तुमचं नाव, फोटो आणि खाली चौकट अशी नेहमीची पाटी दिसत असेल तर प्रश्न विंडोजच्या खात्याचा आहे. यात पुन्हा दोन जाती. खातं मायक्रोसॉफ्टचं, म्हणजे ईमेलशी जोडलेलं असू शकतं, किंवा लोकल, म्हणजे फक्त त्या लॅपटॉपपुरतं. चौकटीखाली 'आय फरगॉट माय पासवर्ड' किंवा 'आय फरगॉट माय पिन' अशी ओळ सुरुवातीपासूनच असेल तर खातं बहुधा मायक्रोसॉफ्टचं आहे. चुकीचा पासवर्ड टाकल्यावरच 'रिसेट पासवर्ड' अशी ओळ उगवत असेल तर ते लोकल खातं.

आधी कीबोर्डवर संशय घ्या

हे फार बाळबोध वाटेल, तरी करा. पासवर्डच्या चौकटीत उजवीकडे डोळ्याचं चिन्ह असतं. ते दाबून धरा आणि आपण खरोखर काय टाइप केलंय ते वाचा. कॅप्स लॉक चालू आहे, नम लॉक बंद असल्यामुळे आकडेच उमटत नाहीत, एखादी कळ दोनदा उमटतेय किंवा उमटतच नाही, हे सगळं तिथे दिसतं. खाली उजव्या कोपऱ्यात भाषेचं चिन्ह असेल तर तेही पाहा. मराठी टाइप करणाऱ्यांच्या लॅपटॉपवर दोन-तीन कीबोर्ड लेआउट असतात आणि भलताच निवडलेला असू शकतो. इंग्रजीतही अमेरिकन आणि ब्रिटिश लेआउटवर अ‍ॅट आणि अवतरण या चिन्हांच्या जागा एकमेकांशी बदललेल्या असतात, त्यामुळे बरोबर पासवर्डही चुकीचा ठरतो. कळच बिघडली असेल तर त्याच कोपऱ्यातल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या चिन्हावरून पडद्यावरचा कीबोर्ड उघडता येतो.

पिन विसरला असाल तर 'साइन-इन ऑप्शन्स' दाबून पिनऐवजी पासवर्डचा पर्याय दिसतो का ते बघा. पिन फक्त त्या एका लॅपटॉपपुरता असतो, पासवर्ड खात्याचा असतो. एक विसरल्यानं दुसरा जात नाही. पिन अनेकदा चुकला की विंडोज एक ठरावीक अक्षर-आकड्यांची ओळ टाइप करायला सांगतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. कळा आपोआप दाबल्या जात नाहीयेत ना, एवढीच खात्री करून घेतली जाते.

मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर

हा सगळ्यात सोपा प्रकार. फोनवर किंवा दुसऱ्या कुठल्याही संगणकावर मायक्रोसॉफ्टचं साइन-इन पान उघडा, ईमेल टाका आणि 'फरगॉट पासवर्ड' निवडा. खात्याला जोडलेल्या फोनवर किंवा दुसऱ्या ईमेलवर कोड येतो, तो टाकून नवा पासवर्ड ठरवा.

इथे नवखे लोक अडकतात ते पुढच्या टप्प्यावर. फोनवर पासवर्ड बदलला, पण लॅपटॉप तो घेतच नाही. कारण लॅपटॉपला ही बातमी पोहोचलेलीच नसते. लॉगिनच्या पडद्यावरच खाली उजवीकडे नेटवर्कचं चिन्ह आहे. तिथून वाय-फाय जोडा आणि मग नवा पासवर्ड टाका.

जोडलेला फोन नंबर बंद झाला असेल आणि दुसरा ईमेलही हाताशी नसेल, तर मायक्रोसॉफ्टचा खाते परत मिळवण्याचा फॉर्म असतो. त्यात जुने पासवर्ड, ईमेलचे विषय, कुणाकुणाला मेल पाठवले असं विचारतात. आठवेल तितकं भरा. मात्र खात्यावर दोन टप्प्यांची पडताळणी चालू असेल तर हा फॉर्म उपयोगी पडत नाही.

लोकल खातं असेल तर

विंडोज १० च्या २०१८ मधल्या १८०३ या आवृत्तीपासून लोकल खातं बनवताना तीन सुरक्षा प्रश्न विचारले जातात. चुकीचा पासवर्ड टाका, 'ओके' दाबा, मग चौकटीखाली 'रिसेट पासवर्ड' दिसेल. उत्तरं बरोबर आली की नवा पासवर्ड ठेवता येतो आणि फाइल्स जागच्या जागी राहतात. उत्तरं आठवताना ती कोणत्या लिपीत आणि कोणत्या स्पेलिंगनं दिली होती याचाही विचार करा. पाळीव कुत्र्याचं नाव एका अक्षरानं चुकलं तरी चालत नाही.

घरातल्या आणखी कुणाचं खातं त्याच लॅपटॉपवर असेल आणि ते अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, म्हणजे इतर खाती बदलायचे अधिकार असलेलं असेल, तर त्या खात्यातून लॉगिन करा. कंट्रोल पॅनेलमध्ये 'यूजर अकाउंट्स', तिथे 'मॅनेज अनदर अकाउंट', मग तुमचं नाव निवडून 'चेंज द पासवर्ड'. तुमच्या खात्यात साठवलेले काही पासवर्ड आणि विंडोजनं स्वतंत्रपणे एन्क्रिप्ट केलेल्या फाइल्स यात हातच्या जाऊ शकतात, पण सर्वसाधारण कागदपत्रं आणि फोटो शाबूत राहतात.

यातलं काहीच लागू पडत नसेल तर लोकल खात्याचा पासवर्ड मायक्रोसॉफ्टही सांगू शकत नाही, कारण तो त्यांच्याकडे नसतोच. 'एका क्लिकमध्ये पासवर्ड काढा' म्हणणारे प्रोग्रॅम अशा वेळी मोहात पाडतात. त्यांच्या नादी लागू नका. कुठून आलाय माहीत नसलेल्या प्रोग्रॅमच्या हाती अख्खा लॅपटॉप देण्यापेक्षा रिसेट परवडला. सिस्टीमच्या फाइल्सची अदलाबदल करून लॉगिन चुकवण्याच्या जुन्या युक्त्याही फिरत असतात. एन्क्रिप्ट केलेल्या ड्राइव्हवर त्या चालत नाहीत आणि जिथे चालतात तिथे विंडोजच बिघडवून ठेवायची शक्यता असते.

पुसण्याआधी फाइल्स वाचतात का बघा

रिसेटमध्ये 'कीप माय फाइल्स' असा पर्याय असतो म्हणून लोक निश्चिंत असतात. तो पर्याय लॉगिनबाहेरून वापरायला गेलं की आधी खातं निवडायला सांगतात आणि मग त्याच खात्याचा पासवर्ड मागतात. म्हणजे विसरलेलाच. पासवर्ड नसलेल्याला 'रिमूव्ह एव्हरीथिंग' हाच मार्ग उरतो, असं धरून चला.

तेव्हा आधी दुसऱ्या यंत्रावरून वनड्राइव्हमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीत, लॉगिन करून पाहा. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे तीन फोल्डर तिथे आपसूक जात असण्याची बरीच शक्यता असते, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. मग गुगल ड्राइव्ह, फोन, मेलमधल्या जोडण्या, पेनड्राइव्ह.

अशा ऑनलाइन साठवणीत किंवा इतरत्र काहीच नसेल तर लॅपटॉपच्या ड्राइव्हकडे वळायचं. विंडोजचा पासवर्ड म्हणजे दाराची कडी आहे, ड्राइव्हचं एन्क्रिप्शन म्हणजे तिजोरी. एन्क्रिप्शन नसेल तर कडीला वळसा घालता येतो. लॅपटॉपमधला ड्राइव्ह काढून यूएसबी केसिंगमध्ये घालायचा आणि दुसऱ्या संगणकाला जोडायचा. ड्राइव्हवरच्या 'यूजर्स' फोल्डरमध्ये तुमच्या नावाचा फोल्डर असतो. तो उघडताना परवानगी नाही असा संदेश येतो, तिथे 'कंटिन्यू' दाबून थोडं थांबायचं. लॅपटॉप उघडायचा नसेल तर उबंटूसारख्या लिनक्सचा पेनड्राइव्ह बनवून त्यावरून लॅपटॉप सुरू करा, इन्स्टॉल न करता नुसतं वापरून पाहण्याचा पर्याय निवडा आणि फाइल्स दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. इथे 'इन्स्टॉल' चुकूनही दाबू नका.

ड्राइव्ह उघडताना बिटलॉकरची की मागितली गेली, तर ती सापडल्याशिवाय फाइल्स मिळणार नाहीत. ओळखीचा तंत्रज्ञही तिथे काही करू शकत नाही.

बिटलॉकरची की कुठे असते?

अनेकांनी बिटलॉकर स्वतः कधी चालू केलेलं नसतं, आणि तरीही ते चालू असतं. मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केल्यावर बऱ्याच लॅपटॉपवर ड्राइव्हचं एन्क्रिप्शन आपोआप सुरू होतं. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्यानं बसवलेल्या विंडोजवर हे आणखी जास्त लॅपटॉपमध्ये होतं. अशा वेळी की त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते. फोनवरून खात्यात जा, 'डिव्हायसेस' उघडा, आपला लॅपटॉप निवडा आणि बिटलॉकर रिकव्हरी कीची यादी पाहा. एकापेक्षा जास्त की असतील तर लॅपटॉपच्या पडद्यावर दिसणाऱ्या की आयडीची पहिली आठ अक्षरं यादीशी ताडून बघा. घरात दुसऱ्या कुणी लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला असेल तर की त्यांच्या खात्यात असण्याचा संभव असतो, तेव्हा त्यांनाही विचारा.

आता रिसेट

चार्जर लावा. नुसत्या बॅटरीवर विंडोज रिसेट सुरूच करत नाही, आणि मध्येच बंद पडलेला रिसेट निस्तरणं मूळ प्रश्नापेक्षा कटकटीचं. बाहेरचे ड्राइव्ह, पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड काढून ठेवा.

१. लॉगिनच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यातलं पॉवरचं चिन्ह दाबा. डाव्या हातानं शिफ्ट कळ दाबून धरा आणि तशीच धरून 'रिस्टार्ट' निवडा. 'इतर लोक हा संगणक वापरत असू शकतात' असा इशारा आला तर 'रिस्टार्ट एनीवे' म्हणा. शिफ्ट लगेच सोडू नका. 'प्लीज वेट' आणि त्यानंतर 'चूज अ‍ॅन ऑप्शन' असं शीर्षक असलेला निळा पडदा येईपर्यंत धरून ठेवा. शिफ्ट आधीच सुटली तर लॅपटॉप नेहमीसारखा सुरू होतो, पुन्हा करा.

२. 'ट्रबलशूट', मग 'रिसेट धिस पीसी', मग 'रिमूव्ह एव्हरीथिंग'.

३. आता 'क्लाउड डाउनलोड' की 'लोकल रीइन्स्टॉल' असं विचारलं जाईल. लोकलमध्ये लॅपटॉपवरच असलेल्या फाइल्समधून विंडोज पुन्हा उभं राहतं. क्लाउडमध्ये ते इंटरनेटवरून नव्यानं उतरवलं जातं आणि त्याला ४ जीबी किंवा जास्त डेटा लागतो. विंडोज नीट चालत होतं आणि फक्त पासवर्ड गेला असेल तर लोकल पुरतं. आधीपासूनच त्रास देत असेल आणि इंटरनेट चांगलं असेल तर क्लाउड बरं.

४. ड्राइव्ह एकाहून जास्त असतील तर फक्त विंडोजचा ड्राइव्ह पुसायचा की सगळे, हे विचारतात. लॅपटॉप स्वतःकडेच ठेवायचा असेल तर फक्त विंडोजचा. दुसऱ्या ड्राइव्हवरचा डेटा उगाच का घालवायचा?

५. 'जस्ट रिमूव्ह माय फाइल्स' आणि ड्राइव्ह पूर्ण साफ करणं यात पहिला पर्याय जलद आहे आणि स्वतःच्या वापरासाठी पुरेसा आहे. दुसरा लॅपटॉप विकताना किंवा कुणाला देताना वापरायचा. जुन्या हार्ड डिस्कवर त्याला कित्येक तास लागतात.

६. शेवटी काय काय जाणार याची यादी येते. ती वाचा आणि 'रिसेट' दाबा.

आवृत्तीनुसार हे प्रश्न थोडे पुढेमागे येतात, त्यानं बिघडत नाही. मध्येच बिटलॉकरची की मागितली तर ती टाका. नसेल तर खाली पेनड्राइव्हचा मार्ग आहे. यानंतर लॅपटॉप अनेकदा बंद-चालू होतो, टक्केवारी एखाद्या आकड्यावर बराच वेळ अडून राहते, पडदा काळा होतो. हे नेहमीचंच आहे. पॉवरचं बटण दाबायची खाज आवरा.

लॉगिनच्या पडद्यापर्यंतच लॅपटॉप जात नसेल तर तोच निळा पडदा दुसऱ्या वाटेनं मिळतो. विंडोज सुरू होत असतानाच पॉवरचं बटण दाबून धरून ते बंद करा, असं लागोपाठ दोन-तीनदा केलं की पुढच्या वेळी विंडोज स्वतःहून दुरुस्तीच्या पडद्यावर जातं. काही कंपन्यांनी स्वतंत्र कळही दिलेली असते. एचपीवर सुरू होताना एफ११, एसरवर ऑल्ट आणि एफ१० एकत्र, आणि लेनोवोच्या बऱ्याच लॅपटॉपवर बाजूला नोव्हो नावाचं बारीक भोक, ज्यात पिन घालून दाबायचं.

रिसेट फसला तर

'रिसेट करताना अडचण आली, कोणतेही बदल केले नाहीत' असा संदेश आला तर आधी लोकलऐवजी क्लाउड करून पाहा. तेही नाही जमलं, किंवा बिटलॉकरची की नाही, तर विंडोज पेनड्राइव्हवरून नव्यानं बसवायचं.

दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवा आणि किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज बनवा. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं. मग तो लॅपटॉपला लावून बूट मेन्यू, म्हणजे कुठल्या ड्राइव्हवरून सुरू व्हायचं ते निवडण्याची यादी, उघडा. डेल, लेनोवो आणि एसरवर सहसा एफ१२, एचपीवर एफ९, असूसवर एस्केप. भाषा निवडा, प्रॉडक्ट की विचारली की 'आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की' म्हणा. विंडोजसह आलेल्या लॅपटॉपमध्ये की मदरबोर्डवरच साठवलेली असते आणि इंटरनेट मिळताच विंडोज आपोआप सक्रिय होतं, फक्त आवृत्ती तीच निवडा: होम असेल तर होम, प्रो असेल तर प्रो.

खरी जपायची जागा म्हणजे ड्राइव्हची यादी. तिथे लॅपटॉपचा ड्राइव्ह, दुसरा ड्राइव्ह असेल तर तो, आणि खुद्द पेनड्राइव्ह, सगळे एकाखाली एक दिसतात. आकार वाचून ओळखा. लॅपटॉपच्या ड्राइव्हवरची पार्टिशन्स (ड्राइव्हचे पाडलेले भाग) एकेक करून 'डिलीट' करा, म्हणजे सगळी जागा 'अनअलोकेटेड' म्हणून एकत्र येईल. तीच निवडून पुढे जा. बिटलॉकर इथे आड येत नाही, कारण तिजोरीच आतल्या मालासकट टाकून दिली जाते. लेनोवो-डेलसारख्यांनी दिलेलं रिकव्हरी पार्टिशनही जातं, त्याची फारशी खंत नको.

यादीत लॅपटॉपचा ड्राइव्ह दिसतच नसेल तर ड्राइव्ह मेला असं लगेच समजू नका. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपना त्यासाठी इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर (विंडोजला तो भाग ओळखायला मदत करणारा छोटा प्रोग्रॅम) लागतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तो घेऊन, त्यातल्या फाइल्स बाहेर काढून (एक्स्ट्रॅक्ट करून) पेनड्राइव्हवर ठेवा आणि 'लोड ड्रायव्हर' वापरा.

आणि एक: विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. नव्यानं बसवायचंच आहे आणि लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत असेल, तर ११ च टाका.

पहिल्यांदा सुरू करताना

देश, कीबोर्ड, वाय-फाय असे प्रश्न येतात. विंडोज ११ इथे इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट खातं मागतं. नव्यानं बसवलेल्या विंडोजला वाय-फायच सापडत नसेल तर फोन यूएसबी केबलनं जोडून त्यावर यूएसबी टेदरिंग चालू करा, म्हणजे फोनचं इंटरनेट लॅपटॉपला मिळेल. बहुतेक वेळा काम भागतं, आणि मग विंडोज अपडेट उरलेले ड्रायव्हर आणून देतं. टचपॅड मेल्यासारखा वागत असेल तर थोडा वेळ माउस जोडा.

डेस्कटॉप दिसला की प्रोग्रॅम टाकण्याआधी तीन कामं उरका. मायक्रोसॉफ्ट खात्याला आत्ता चालू असलेला फोन नंबर आणि दुसरा ईमेल जोडा. बिटलॉकरची की कागदावर उतरवून घ्या, लॅपटॉपच्या पिशवीत न ठेवता. आणि एक जास्तीचं अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खातं बनवा, ज्याचा पासवर्ड घरातल्या दुसऱ्या कुणाला माहीत असेल.

मॅकबुक आणि क्रोमबुक

मॅकवर पासवर्ड काही वेळा चुकवला की अ‍ॅपल खात्यानं किंवा रिकव्हरी कीनं बदलण्याचा पर्याय समोर येतो. आधी तो वापरा. पुसायचंच असेल तर अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपच्या मॅकवर पॉवरचं बटण 'लोडिंग स्टार्टअप ऑप्शन्स' दिसेपर्यंत दाबून धरा, 'ऑप्शन्स' निवडा आणि पासवर्ड विचारला जाईल त्या पडद्यावर वरच्या 'रिकव्हरी असिस्टंट' मेन्यूतून 'इरेझ मॅक' करा. इंटेलच्या मॅकवर सुरू होताना कमांड आणि आर धरून रिकव्हरीत जायचं. अलीकडच्या मॅकवर 'फाइंड माय' (हरवलेलं यंत्र शोधण्याची अ‍ॅपलची सोय) चालू असेल तर पुसल्यानंतरही अ‍ॅक्टिव्हेशन लॉक हे कुलूप मूळ अ‍ॅपल खातं मागतं. त्यामुळे जुना मॅक घेतला असेल तर आधीच्या मालकाला गाठल्याशिवाय पुसण्यात अर्थ नाही.

क्रोमबुकचा पासवर्ड म्हणजे गुगल खात्याचाच पासवर्ड. तो फोनवरून बदला. नव्या पासवर्डनं लॉगिन करताना क्रोमबुक जुनाही मागतं. तो नसेल तर त्या यंत्रावर साठवलेल्या फाइल्स जाऊ शकतात, गुगल ड्राइव्हवरच्या राहतात. पूर्ण साफ करायचं तर लॉगिनच्या पडद्यावर कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि आर एकदम दाबा, 'रिस्टार्ट' आणि मग 'पॉवरवॉश' निवडा. शाळेच्या किंवा ऑफिसच्या क्रोमबुकवर हा पर्याय सहसा बंद केलेला असतो.